मेलबर्न ते दाभोसा, बारा तास

सोमाकाका, तुझ्या पोरीला, सुनीला, आज मुंबईच्या विमानतळावर सोडून आलो. तुझ्याच जीपने. जाताना ती पुढच्या सीटवर बसली होती. येताना ती सीट रिकामी होती, आणि जव्हारच्या स्टँडवर तिघांनी हात केला तरी मी थांबलो नाही. आता दिवेलागण झाली आहे. पाड्याच्या वळणावर, जिथे मोबाईलला रेंज येते तिथे, जीप लावून हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय. सुनी आत्ता समुद्रावर कुठेतरी असेल. अजून पाचेक तास तिचा फोन बंद राहणार.

तुला जाऊन आज दहावा दिवस. दहा दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय. शाळेत मी पोरांना शिकवतो की मोठ्या माणसाला अहो म्हणावं, पण आपल्या पाड्यात बापालाही तूच म्हणतात. तुला तर मी बोलायला लागल्यापासून तू म्हणत आलो. आता मेलास म्हणून काय अहो म्हणू? तसं म्हटलं असतं तर तूच मागे वळून बघितलं असतंस, कोण पाहुणा आला म्हणून.

भांडण कुठून सुरू झालं ते तुला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी सुनी मेलबर्नला गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात नर्स म्हणून. आपल्या आश्रमशाळेतली पोरगी, दाभोशाच्या नदीत म्हशी धुणारी, तिने नाशिकला नर्सिंग केलं, इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली आणि गेली. सारा पाडा तुझ्या ओट्यावर जमला होता. ती गेल्यावर चार दिवसांनी तू शाळेत आलास. पायातल्या चपला बाहेर काढून वर्गात शिरलास, पोरं हसली. "मास्तरा," म्हणालास, "ती कुठं गेली ते दाखव."

मी कपाटातून पृथ्वीचा गोल काढला. आधी आपलं दाखवलं, बोटाच्या टोकाखाली सगळा ठाणे-पालघर, मुंबई, सगळं झाकलं जातं. मग मेलबर्न दाखवलं, गोलाच्या पार खाली. तू म्हणालास, "तिथं माणसं खाली पडत नाय का?" मी म्हणालो, "पडली असती तर सुनीला पाठवली असती का?" एका पोरीच्या वेणीची रिबीन घेऊन मी गोलावर ताणली, मग पट्टीने मोजली, मग मोबाईलवर खात्री केली. सुमारे दहा हजार किलोमीटर. तुला आकडा कळेना. कसा कळावा, तू आयुष्यभर अंतर मोजलंस ते फेऱ्यांमध्ये. मग मी फळ्यावर गणित मांडलं. दाभोसा ते जव्हार वीस किलोमीटर धरले तर पाचशे वेळा. तू दिवसाला दोन जायच्या, दोन यायच्या अशा चार फेऱ्या मारतोस, म्हणजे सव्वाशे दिवस. तू फळ्याकडे बघत राहिलास. म्हणालास, "चार महिनं मी जेवढा धावतो तेवढी ती गेली. किती दिवसांत?"

आणि मी, हुशारी मिरवायची खाज असलेला माणूस, म्हणालो, "दिवस कसले? बारा तास."

तुझा विश्वास बसला नाही. तू मला उलट विचारलंस, "आणि भरायला?" मला कळलं नाही. "काय भरायला?" "इमान भरायला किती वेळ लागतो? माझी जीप जव्हारला दीड दीड तास उभी राहते. बारा शिटा झाल्याबिगर मी हलतो का?" मी हसलो. काका, मी किती हसलो रे तेव्हा! पोरांना हाताशी धरून हसलो. तुम्ही जीपवाले माणसाला शीट म्हणता, आणि ती शीट गोळा करत बसता. मी म्हणालो, "विमान कोणाची वाट बघत नाही. वेळ झाली की सुटतं." तू म्हणालास, "रिकामं?" "रिकामं तर रिकामं." "डिझेल परवडतं का त्यांना?" पोरं पुन्हा हसली. तूही हसलास, पण दारात चपला घालताना पुन्हा एकदा म्हणालास, "काहीतरी भरायचं असतंच रं मास्तरा. तुला ठाऊक नसंल."

ठाऊक नव्हतंच मला. पण मास्तर असल्यामुळे मान्य कुठून करणार?

मग तुझं तेच सुरू झालं. स्टँडवर, बाजारात, साखरशेतच्या जत्रेत, जो भेटेल त्याला सांगायचास, पोरगी बारा तासांवर हाय. कोंबडं आरवताना बसली की दिवे लागताना दारात. लोक चेष्टा करायचे, "सोमा, पोरगी कुठवर आली?" तू सूर्याकडे बघून सांगायचास, "आत्ता बसली असती तर अर्ध्या वाटेत असती." मला मजा वाटायची. मनातून जरा फुशारकीही वाटायची, की ह्या माणसाला हा आकडा मी दिला. एवढी लांब गेलेली पोरगी माझ्या एका आकड्याने जव्हारच्या पलीकडे आणून ठेवली. तुझी झोप त्याच्यावर लागायची, हे काकीनेच मला सांगितलं होतं.

पण काका, ह्या भाद्रपदात तुझ्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा तो आकडा मला मागे घ्यायला हवा होता.

जव्हारला डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, नाशिकला न्या म्हणाले. तू गोळ्या खिशात टाकल्यास आणि स्टँडवर येऊन जीप नंबरात लावलीस. मी तापलो. भर स्टँडवर तुला म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं? चल नाशिकला. मी सुनीला फोन करतो." तू माझा हात धरलास. इतका घट्ट की मनगटावर वळ उठला. म्हणालास, "तिला नाय सांगायचं. तिला रजा थोडी असते. शिमग्याला येते म्हणालीय, ती रजा आत्ता कशाला जाळू? बारा तासांचं काम हाय. माझी वेळ आली की त्या दिवशी सांग. बारा तास मला धरून ठेवा म्हणावं लोकांना. तेराव्या तासाला उचला."

मी बोलायला हवं होतं की काका, ते बारा तास हवेतले आहेत. जमिनीवरचे त्यात धरलेले नाहीत. तिला आधी रजा मागावी लागेल, मग तिकीट शोधावं लागेल, सरळ जाणारं विमान रोज असेलच असं नाही, विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं, आणि मुंबईला उतरल्यावरही आपला घाट आहेच. हे सगळं मला तोपर्यंत कळलं होतं. पण तुझ्या त्या चेहऱ्याकडे बघून ते माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "बरं." एवढंच. त्या एका बरं म्हणण्याची मला आता लाज वाटते, काका. खूप लाज वाटते.

त्यानंतर तू जे काही करायला लागलास ते मी बघत होतो, आणि बघून न बघितल्यासारखं करत होतो.

पहिलं, तुझ्या जीपची पुढची सीट. तीस वर्षं तू एक शीट कमी घेऊन सुटला नाहीस. पावसात, आजारी बाई असताना, मंत्री यायचा होता म्हणून रस्ता बंद होणार होता तेव्हाही तू बारा भरल्याशिवाय हलला नाहीस. आणि अचानक पुढची सीट रिकामी ठेवून सुटायला लागलास. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर, दोघं टपावर, आणि पुढे तुझ्या शेजारी कोणी नाही. कोणी दार उघडलं की म्हणायचास, "ही शीट भरलेली हाय." एकदा मीच दार उघडलं. मलाही तेच म्हणालास. "कोण बसलंय?" मी विचारलं. "येणार हाय." "कोण? सुनी?" तू गिअर टाकलास. "येईल ते," म्हणालास, आणि वर्गातल्या पोरांकडे बघून मी हसायचो तसा माझ्याकडे बघून हसलास. मी मागे जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसलो. सबंध रस्ताभर मला त्या रिकाम्या सीटकडे बघवेना.

दुसरं ते करवंदीचं झाड. झाड कसलं, जाळीच. डांबरी रस्त्यावरून तुझ्या घराकडे येणारी पायवाट जिथे वळते, त्या वळणावर ती माझ्या आठवणीच्या आधीपासून होती. ह्याच वळणावर, मी आत्ता बसलोय तिथून चार पावलांवर. काकी त्या करवंदांचं लोणचं घालायची. एका रविवारी बघतो तर तू कोयता घेऊन ती मुळापासून तोडतोयस. छातीचा भाता झालेला, घामाने भिजलेला. मी कोयता ओढून घेतला. "हिने काय घोडं मारलंय तुझं?" "अडतं," म्हणालास. "कोणाला अडतं? तीस वर्षं नाही अडलं." तू वाट दोन्ही हातांनी मोजून बघितलीस, चार माणसांच्या रुंदीची, आणि म्हणालास, "आता नाय अडणार."

नाही अडलं, काका. तिरडी घेऊन आम्ही चौघं त्या वळणावरून वळलो, आणि कोणाच्या खांद्याला एक काटाही लागला नाही. तेव्हा मला कळलं तू काय मोजत होतास. मी तिथेच अडखळलो. मागच्याने विचारलं, "मास्तर, ठेच लागली का?" मी हो म्हणालो.

तिसरं म्हणजे ही किल्ली. जायच्या आदल्या संध्याकाळी तू ती माझ्या हातात ठेवलीस. "सकाळी ब्रेकचं तेल बघून घे," म्हणालास, जणू उद्या मीच चालवणार होतो. मला गाडी शिकवलीस तूच, त्यामुळे मला वाटलं, दमला असेल, एक फेरी मला मारायला सांगतोय. मी किल्ली खिशात टाकून घरी गेलो.

मंगळवारी पहाटे काकीने हाक मारली. मी आलो तेव्हा तू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होतास, तोंड रस्त्याकडे, आणि संपला होतास. काकी रडत नव्हती. मला बघून पहिलं वाक्य म्हणाली, "मास्तर, पोरीला सांग. बारा तास मोजायला घे."

मी ह्या वळणावर पळत आलो आणि फोन लावला. तिथे तेव्हा दुपार होत आली होती, सुनी कामावर होती, फोन कपाटात. आठ वेळा लावला. साडेसातला तिने उचलला. मी सांगितलं. तिच्या मागे कोणीतरी म्हातारी बाई इंग्रजीत पाणी मागत होती, ते मला ऐकू आलं. मग सुनी म्हणाली, "देवादादा, मला बाबांचं तोंड बघायचंय. थांबव त्यांना. मी निघते." फोन बंद झाला. मी इथेच बसून राहिलो. नऊ वाजता तिचा फोन आला. आजचं सरळ विमान नव्हतंच. उद्या संध्याकाळचं मिळतंय, तेही सिंगापूरला बदलून. परवा पहाटे मुंबईत उतरेल. मला म्हणाली, "थांबवशील ना?"

मी म्हणालो, "बघतो."

आणि आता तुला जे सांगायचं आहे ते हे, काका. कोणालाच सांगितलेलं नाही. नऊ वाजता मला कळलं होतं की ती आज येणार नाही. उद्याही येणार नाही. तरी मी पाड्यात परत गेलो, आणि लोकांनी विचारलं "निघाली का?" तेव्हा मी म्हणालो, "निघाली."

का म्हणालो? एक तर तू बारा तास मागितले होतेस. ते तरी तुला मिळावेत असं वाटलं. पण हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की मला माझा आकडा खोटा पडलेला बघवेना. सगळ्या पाड्याला माहीत होतं तो कोणी दिला ते. मी भित्रा निघालो, दुसरं काय.

ऑक्टोबरचा उकाडा. हळवं भात कापणीला आलेलं, उभं पिकलेलं, आणि सगळा पाडा विळे घरी ठेवून तुझ्या अंगणात बसला. एकाने जव्हारहून बर्फाच्या दोन लाद्या तुसात गुंडाळून आणल्या. दुपारपर्यंत त्या विरघळल्या आणि पाणी ओट्याच्या पायरीवरून अंगणात आलं. माणसं बोलायची कमी झाली. आपल्या पाड्यातले सगळ्यात वयस्क लखमाबाबा सावली मोजत बसले होते. मध्येच विचारायचे, "मास्तर, आता कुठवर?" आणि मी, देवा रे, मी सांगायचो! "समुद्रावर." "आता लंकेच्या वर." गोल माझ्या डोळ्यांपुढे होता, रिबीन ताणलेली, आणि मी त्या रिबिनीवरून कुणीही नसलेलं विमान पुढे सरकवत होतो. रिकामं.

पाच वाजता काकी उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने घरातून धूर आला. बायका दचकल्या. मढं दारात असताना चूल कोणी पेटवतं का? तुझी चुलत बहीण आत धावली. काकी नागलीची भाकरी थापत होती. म्हणाली, "पोर सकाळपासून उपाशी असंल. इमानात काय खायला देतात?" एक ताट काढलं, त्यात दोन भाकऱ्या, चटणी, आणि ते ताट ओट्यावर तुझ्या पायाशी आणून ठेवलं. कोणी तिला अडवलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला. लखमाबाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मास्तर, बारा झाले." सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. काकीही. मला एवढंच म्हणता आलं, "उचला." मग काकीने ताट उचललं आणि आत नेलं. ती तेव्हाही रडली नाही, पण जाताना माझ्याकडे जे बघितलं, त्यावरून मला वाटतं, तिला कळलं होतं.

तुझ्या तोंडाचा एक फोटो मी मोबाईलवर काढून ठेवला होता. दुसरं काय करणार होतो?

गुरुवारी पहाटे मी विमानतळाबाहेर उभा होतो, आदल्या संध्याकाळीच निघून आलो होतो. सुनी बाहेर आली, एकच बॅग. मला बघून तिला कळलं. विचारलंसुद्धा नाही. पुढचं दार उघडून बसली. मनोरच्या पुढे गाडी आली तेव्हा म्हणाली, "कधी?" "मंगळवारी. दिवे लागताना." "दिवसभर थांबलात?" "बारा तास." ती माझ्याकडे वळली. "बारा कोणी सांगितले होते?" मी रस्त्याकडे बघत राहिलो. घाटातली दोन वळणं गेली आणि ती अगदी हळू म्हणाली, "मीपण त्यांना बाराच सांगितले होते, दादा. दर फोनला विचारायचे. मला वाटायचं, जवळ वाटूदे त्यांना. मागच्या महिन्यात मी येतच होते. रजा हातात होती. ते म्हणाले, मी ठणठणीत आहे, शिमग्याला ये."

मग ती रडली. डोकं डॅशबोर्डवर ठेवून, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मी गाडी बाजूला घेतली. मीही रडलो, तुला काय लपवायचं. आम्ही दोघांनी मिळून तुला फसवलं, दोघांनीही मायेपोटी, आणि एकमेकांना पत्ताही नव्हता.

पाड्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. तू गेल्यापासून त्रेपन्न तास. फोटो दाखवला. तिने मोबाईल हातात घेतला, नजर न टाकताच पालथा केला आणि मला परत दिला.

तिला सातच दिवस मिळाले. बाराव्याला थांबता आलं नाही. सात दिवस ती काकीच्या मागे मागे होती. काकी खात नव्हती. घास तोंडात घ्यायची आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून पदरात काढायची. सुनीने मनगट धरलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. जव्हारला चल म्हणाली, काकी "उद्या" म्हणायची. आज विमानतळावर आत जाताना सुनीने माझा दंड धरला. तुझ्यासारखाच, घट्ट. "दादा, आईची नाडी मला पटत नाही. मी गेल्यावर लगेच जव्हारला ने. आणि ह्या वेळी मला लगेच सांग. आकडे बिकडे नको. लगेच."

मी हो म्हणालो. बरं नाही म्हणालो, हो म्हणालो.

संध्याकाळी परत आलो. ह्या वळणावर जीप लावली आणि उतरलो तर पायवाट झाडलेली. करवंदीच्या मुळाला पुन्हा हिरवे कोंब फुटले होते, सकाळी सुनीने जाताना हात लावून बघितले होते. ते सगळे छाटलेले. ताजे. चीक अजून ओला होता. घरापाशी गेलो, कोयता भिंतीला टेकवलेला, आणि काकी ओट्यावर बसलेली, तू बसला होतास तिथे, तोंड रस्त्याकडे.

मी म्हणालो, "काकी, ते कोंब तू तोडलेस?" "अडतील," म्हणाली. "चल, जव्हारला चल माझ्याबरोबर. आत्ता." "बस जरा," म्हणाली. मी बसलो नाही. मग तिने ते विचारलं, काका. तुझ्याच आवाजात विचारलं असं वाटलं मला.

"मास्तर, पोरीला यायला किती तास लागतात रं? खरं सांग."

मी खरं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. "त्रेपन्न लागले होते, काकी. रजा मिळायला, तिकीट मिळायला, विमान बदलायला, घाट चढायला. सगळं धरून त्रेपन्न. जास्तही लागतील." म्हटलं, भांडेल माझ्याशी, मंगळवारचा जाब विचारेल, विचारायलाच हवा होता. काकी बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. दोनदा मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे दोन राती आणि वर." मान हलवली. "मग तिला आत्ताच सांग. उतरली की तशीच परत फीर म्हणावं."

मी पळत इथे आलो. फोन लावतोय. बंद आहे. ती हवेत आहे, तिकडे जाते आहे, दर तासाला आपल्यापासून आठशे किलोमीटर लांब. दहा दहा मिनिटांनी लावतोय, मध्ये तुला हे लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही.

काका, आत्ता काकी वाटेवरून चालत आली. वळण वळली, कुठे अडली नाही. हातात गाठोडं, अंगावर लुगडं धुतलेलं. मला काही न विचारता पुढचं दार उघडलं आणि त्या सीटवर बसली. मी म्हणालो, "चल, जव्हारला दवाखान्यात जाऊ." "जाऊ की," म्हणाली, "पोरीचा फोन लागू दे." गाठोडं मांडीवर घेऊन समोर बघत बसली आहे. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या आहेत, पण तू जी धरून ठेवली होतीस ती भरली.

मी वही मिटतोय, काका. काकी नको म्हणेल तरी आता थांबत नाही, रेंज जव्हारलाही येते. ह्या जीपमध्ये बारा शीट व्हायची वाट मी बघणार नाही, आणि पुढच्या सीटवरून तिला उतरवल्याशिवाय घरी येणार नाही, जिवंत उतरवल्याशिवाय. आता किल्ली फिरवतो. एक हात स्टिअरिंगवर ठेवीन, एका हाताने फोन लावत राहीन. अजून बंदच येतोय.